क्षयाचे औषध आणि उसाचा फड

डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणीत बेल-एअर सॅनिटोरियम उभारले, तेव्हा क्षयावर औषध नव्हतेच. स्वच्छ हवा, सकस अन्न आणि दीर्घ विश्रांती हाच उपचार. ज्याच्या घरची चूल त्याच्या रोजच्या मजुरीवर पेटत नव्हती, त्यालाच तो परवडे. पुढे औषधे आली. घरी राहून गोळ्या घेणारा रुग्णही तितकाच बरा होतो, हे मद्रासच्या प्रयोगाने १९५९ मध्ये सिद्ध केले.

उरली ती सहा महिने न चुकता गोळ्या घेण्याची अट. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. पण फुकट औषधालाही किंमत पडते. पाचगणीचा घाट उतरला की कृष्णाकाठचे उसाचे फड लागतात. मराठवाड्यातून तिथे येणाऱ्या तोडणी मजुराचा हंगामही साधारण तेवढ्याच महिन्यांचा. आज या गावी, उद्या त्या. दवाखान्याची खेप म्हणजे मजुरीचा खाडा. उपचार सुटतो आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

म्हणून स्वयंरचित हायड्रोजेल हा मला निव्वळ रसायनशास्त्राचा विषय वाटत नाही. या बहुवारिकांच्या साखळीचा काही भाग पाण्याशी सलगी करतो, काही पाणी टाळतो. थंड असताना द्रावण सुईतून जाण्याइतके पातळ असते. शरीराच्या उष्णतेने पाणी टाळणारे भाग एकमेकांना बिलगतात, जेल बनते आणि त्यातले औषध हळूहळू झिरपते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. माशेलकर व सहकाऱ्यांनी अशा जेलांवर मोलाचे काम केले आहे.

मात्र हुरळून जाऊ नये. रिफाम्पिसिन रोज ४५० मिलिग्रॅम धरले तरी महिन्याचे साडेतेरा ग्रॅम होते. ते एका सुईत मावणार कसे? आशा आहे ती बेडाक्विलिनसारख्या कमी मात्रेच्या औषधांची, आणि मालकीचा प्रश्न तिथेच उभा राहतो. या औषधाच्या क्षाररूपाचे पेटंट घेऊन मक्तेदारी चार वर्षे लांबवण्याचा कंपनीचा अर्ज मार्च २०२३ मध्ये फेटाळला गेला. क्षयातून बऱ्या झालेल्या दोन स्त्रियांनी त्यावर हरकत घेतली होती. उद्या तेच औषध जेलमध्ये घालून पुन्हा पेटंट मागितले जाईल. परिणामकारकता वाढल्याखेरीज जुन्या द्रव्याच्या नव्या रूपाला पेटंट नाही, असे आपला कायदा सांगतो. औषध महिनाभर टिकले तर ती परिणामकारकता की केवळ सोय? मजुराच्या दृष्टीने ती सोय म्हणजेच उपचार. पण म्हणून तिची किंमत कंपनीने एकटीने ठरवावी, असे होत नाही. सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाचा परवाना देतानाच क्षयकार्यक्रमासाठीचा दर करारात घातला पाहिजे. कारखाना उभा राहिल्यावर वाटाघाटीला बसणाऱ्या सरकारच्या हाती फारसे काही उरत नाही.