गोळा, खुर्ची आणि आमचा जांभा

भाग्यश्री जाधव हे नाव रत्नागिरीत किती जणांना ठाऊक आहे? २८ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये पॅरालिम्पिकचं उद्घाटन झालं, तेव्हा भालाफेकपटू सुमित अंतिलच्या जोडीने भारताचा तिरंगा तिच्या हाती होता. ही नांदेड जिल्ह्यातली गोळाफेकपटू. आठवड्याभराने बसून फेकणाऱ्यांच्या एफ-३४ गटात ७.२८ मीटर गोळा टाकून ती पाचवी आली. टोकियोत सातवी होती, मधे कोबेच्या जागतिक स्पर्धेत रौप्य. पाचव्या क्रमांकाला आपल्याकडे हारतुरे मिळत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

ही वाट आधी पाडली दीपा मलिकने. मूळची हरियाणाची, नवरा लष्करात. १९९९ मध्ये मणक्यातल्या गाठीची शस्त्रक्रिया झाली आणि छातीखालचं शरीर लुळं पडलं. पुढे नगरला असताना तिने रेस्टॉरंट चालवलं, महाराष्ट्राकडून पोहायला उतरली, मग भाल्याकडे आणि गोळ्याकडे वळली. २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत ४.६१ मीटर आणि रौप्य. पॅरालिम्पिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. वय ४५! दोन मुलींची आई. त्या वयात आपल्याकडे बायकांना गुडघेदुखीवरचं तेल सुचवतात.

अशा बायकांच्या जिद्दीवर भाषणं भरपूर होतात. सामानाबद्दल कुणी बोलत नाही. बसून गोळा फेकणारी खेळाडू रोजच्या व्हीलचेअरवरून फेकत नाही. तिच्यासाठी लोखंडी सांगाड्याची वेगळी बैठक लागते, गादीसकट उंची ७५ सेंटिमीटरच्या आत. ही बैठक पट्ट्यांनी जमिनीला घट्ट आवळतात. ती जरा जरी हलली तरी हातातला जोर तिथेच मुरतो, आणि गोळा सुटण्याआधी खेळाडूचं बूड सीटवरून उचललं गेलं तर फेक बाद.

आता हे आपल्या जिल्ह्यात आणून बघा. त्या पट्ट्या बांधायला जांभ्यात खुंटी ठोकायची तर पहार हवी. भरावाच्या मातीत ठोकली तर पहिल्या पावसात ती ढिली पडणार. म्हणजे आपल्याला एक गोष्ट लागतेच: कड्या बसवलेला सिमेंटचा चौथरा. बैठकीचं म्हणाल तर मोजमाप दिलं की मिरजोळ्याच्या एमआयडीसीतला कुणीही चांगला वेल्डर ती बनवून देईल. परदेशातून काही मागवायला नको.

बसून गोळा टाकणाऱ्या पोरी इथे कुठे आहेत, असं कुणी विचारेल. पोरी घरात आहेत. घरापासून मैदानापर्यंत त्यांना आणणारी गाडी नाही आणि आल्यावर टाकायला जागा नाही, मग त्या दिसणार कशा?

जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना माझी विनंती एवढीच: यंदाच्या पावसाळ्यानंतर एका मैदानाच्या कडेला असा एक चौथरा बांधा, आणि आठवड्यातले दोन दिवस तिथे गोळाफेकीचा प्रशिक्षक उभा करा.