कचरा पेटविणारा हात आजच थांबवा : नाशिककरांस जाहीर आवाहन



गेल्या आठवड्यात गंगापूर रोडलगतच्या एका वसाहतीत, सूर्योदयापूर्वीच्या ऐन थंडीत, रस्त्याच्या कडेला लोटून ठेवलेला पाचोळ्याचा ढीग पेटविण्यात आला. त्यात गुलमोहराची पाने व काटक्या होत्या, तशाच दुधाच्या रिकाम्या पिशव्या, थर्मोकोलचे तुकडे आणि कोणाच्या तरी आसनाचे फाटके रेक्झिनही होते. पिशवीला आच लागली की ती प्रथम आक्रसते, मग तिचा काळा थेंब ठिबकून खालच्या पानाला चिकटतो आणि तेथून घसा खरवडणारा धूर निघू लागतो. तो धूर वर गेलाच नाही. कुंपणाच्या भिंतीइतक्या उंचीवर तरंगत तो शाळेच्या रिक्षाची वाट पाहणाऱ्या मुलांपर्यंत पोहोचला. आमच्या मंडळाच्या भगिनींनी बादल्यांनी पाणी ओतून ती आग विझविली, तेव्हा आभार तर दूरच राहिले, ‘‘थंडीत धुके पडायचेच, तुम्हांला जिकडेतिकडे धूर दिसतो’’, असे उत्तर तेथील सुशिक्षित रहिवाशांनी त्यांना दिले. त्या उत्तराने हे आवाहन लिहिणे आम्हांस भाग पाडले आहे.

धुक्याने डोळे चुरचुरत नाहीत, धुक्याला जळक्या रबराचा वास येत नाही, आणि धुक्यामुळे दम्याच्या रुग्णाला मध्यरात्री उशाशी फवारा शोधावा लागत नाही. हिवाळ्यात रात्री आकाश निरभ्र असते, जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते, तिच्यालगतची हवा थंड व जड होऊन खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर पातेल्यावरील झाकणासारखा पसरतो. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात यालाच तापमानाची विपरीतता म्हटले आहे. डोंगरांच्या सान्निध्यात, गोदावरीच्या खोऱ्यात वसलेल्या आपल्या शहरावर ही अवस्था ऊन तापेपर्यंत टिकते. म्हणजे ज्या प्रहरी आपण पाचोळा पेटवितो, नेमक्या त्याच प्रहरी धुराला वर जाण्याची वाट बंद असते, आणि जो धूर आपण शेजाऱ्याकडे पाठविला असे मानतो तो आपल्याच खिडकीतून परत येतो.

एके काळी मुंबईचे वैद्य आपल्या रुग्णांना हवापालटासाठी देवळालीस धाडीत. तेथील आरोग्यधामे त्या कीर्तीची साक्ष आहेत. त्याच नाशिकचे नाव जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला तेव्हा हवेची मानके न पाळणाऱ्या १०२ शहरांच्या यादीत नोंदले गेले. हवेतील २.५ मायक्रॉनहून सूक्ष्म कणांसाठी आपल्या देशाची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती अवघी ५ असावी असे सांगितले. माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही लहान असलेला हा कण नाकातील केसांना जुमानत नाही, फुप्फुसाच्या वायुकोशापर्यंत उतरतो आणि तेथून रक्तात शिरतो. दमा, हृदयविकार, पक्षाघात, कमी वजनाचे बालक या साऱ्यांशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. बाह्य हवेचे प्रदूषण हे कर्करोगाचे कारण होय, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्याच कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये दिला. आणि जाळल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये पीव्हीसी असेल, तर डायॉक्सिनसारखे जहाल विष निर्माण होते.

कोंडलेली हवा काय करू शकते याचे दाखले इतिहासात आहेत. १९३० च्या डिसेंबरात बेल्जियममधील म्यूझ नदीच्या खोऱ्यात साठांहून अधिक माणसे दगावली. १९४८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील डोनोरा या नदीकाठच्या गावी वीस. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस धूर साचून राहिला, त्याचे बळी प्रथम चार हजार मोजले गेले आणि पुढील संशोधनाने तो आकडा बारा हजारांच्या घरात नेला. तेथील लोकही आरंभी धुकेच म्हणत होते. १९५६ साली त्यांच्या संसदेने शुद्ध हवेचा कायदा केला.

आम्हांस विचारण्यात येते, की सातपूर-अंबडचे कारखाने, एकलहऱ्याचे औष्णिक केंद्र, द्वारका चौकात खोळंबणारी वाहने, सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांसाठी उखडलेल्या रस्त्यांची धूळ, हे सर्व सोडून पाचोळ्याच्या मागे का लागता? सोडले कोणी? त्या प्रत्येकाविषयी आमचे लेखी अर्ज संबंधित दफ्तरांत दाखल आहेत, त्यांच्या पोचा आमच्यापाशी आहेत, आणि दिरंगाई झाली तेथे आम्ही पुन्हा अर्ज केले आहेत. परंतु कारखान्याच्या धुराड्यावर आपला हुकूम चालत नाही. आपल्या फाटकासमोरच्या काडीपेटीवर चालतो. ‘पूर्वापार जाळत आलो’ ही सबब तर उत्तरासही पात्र नाही. पूर्वीच्या पाचोळ्यात प्लॅस्टिक नव्हते.

सर्वांत मोठी खंत अशी, की २०२५ च्या अखेरीस तपोवनातील झाडांवर कुऱ्हाड येणार असे कळताच हेच नाशिककर रस्त्यावर उतरले, झाडांना कवटाळून उभे राहिले. त्यांत आमचे मंडळही होते व त्याचा आम्हांस अभिमान आहे. मग ज्या झाडासाठी आपण तेथे घोषणा दिल्या, त्याच जातीच्या झाडाची पाने आपल्या दारी पेटविताना आपले मन कसे कचरत नाही?

कायदा स्पष्ट आहे. उघड्यावर कचरा जाळण्यास घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनी मनाई आहे. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने अशा जाळण्यास पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्यास पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवून दिली. शुद्ध हवेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले, आणि पर्यावरणाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून राज्यघटनेत १९७६ पासून नमूद आहे. हक्क मागावयाचा आणि कर्तव्यात कसूर करावयाची, हे यापुढे चालणार नाही.

म्हणून पुढील गोष्टींस आजच प्रारंभ करावा :

१. ओला व सुका कचरा वेगळा करून घंटागाडीतच द्यावा. गाडी चुकली म्हणून काडी लावू नये.

२. प्रत्येक सोसायटीने आवाराच्या कोपऱ्यात पाचोळ्याचा खड्डा करावा. पानांचा थर, त्यावर शेण किंवा माती, अधूनमधून पाणी. काही महिन्यांत खत तयार होते. आमच्या सभासदांच्या बागा त्यावरच पोसल्या आहेत.

३. रात्रपाळीचा पहारेकरी थंडीने काकडतो म्हणून टायर किंवा पुठ्ठे पेटवितो. त्याच्यावर ओरडू नका. त्याला घोंगडी, कानटोपी व बंद खोली द्या. हा खर्च सोसायटीचा आहे.

४. बांधकाम चालू असेल तेथे हिरवी जाळी, पाण्याची फवारणी, वाळूच्या ट्रकवर ताडपत्री यांचा आग्रह धरावा.

५. सिग्नलला इंजिन बंद, वाहनाचा पीयूसी दाखला मुदतीत.

६. द्राक्षबागायतदार बंधूंनी छाटणीच्या काड्या व ऊसवाल्यांनी पाचट जाळू नये. कुट्टी करून जमिनीस परत द्यावे.

७. जाळताना कोणी आढळल्यास प्रथम विनंती, मग छायाचित्र, मग तारीख-वेळेसह लेखी तक्रार. पंचवटी, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, नाशिक रोड, नवीन नाशिक व सातपूर, या सहांपैकी आपल्या विभागीय कार्यालयात अर्ज द्यावा आणि पोच घेतल्यावाचून परतू नये. नमुना अर्ज मंडळाकडे विनामूल्य मिळेल.

२०२७ च्या सिंहस्थास लक्षावधी यात्रेकरू गोदातीरी येतील. त्यांच्या स्वागतासाठी रस्ते व घाट सरकार बांधील. श्वास घेण्याजोगी हवा मात्र आपणच राखावयाची आहे. हे आवाहन वाचून बाजूस ठेवू नका. आज सायंकाळी आपल्या सोसायटीची सभा बोलवा, ‘आमच्या आवारात काहीही जाळले जाणार नाही’ असा ठराव मंजूर करा, त्याची प्रत फाटकावर लावा आणि दुसरी मंडळाकडे पाठवा. उद्या पहाटे ढिगापाशी काडी घेऊन उभा असलेला माणूस दिसला, तर त्याचा हात धरण्यास आपण स्वतः खाली उतरा. आम्ही आपल्या सोबत उभे राहू.

आपले,
मंडळाचे सर्व कार्यकर्ते, नाशिक