सुटाबुटात शिरलेले यंत्र



गेल्या महिन्यात भाच्याच्या लग्नाच्या याद्या करायला आम्ही मुलीकडे गेलो होतो. मुलीचे वडील एका सोसायटीत सुरक्षारक्षक आहेत. दोन खोल्यांचे घर, पण सारे नीटनेटके. चहापोहे झाले. हुंडा घ्यायचा नाही आणि लग्नाचा खर्च निम्मा-निम्मा करायचा, हे आधीच ठरले होते. यादी संपत आली तेव्हा आमच्याच बाजूचे एक नातेवाईक हळूच म्हणाले, "बाकी काही नको हो. जावयाला सूट, बूट आणि घड्याळ तेवढे होऊ द्या." मुलीच्या वडिलांनी मान हलवली. घड्याळ म्हणजे दोन-तीन हजारांचे, असा त्यांचा समज असावा. तेवढ्यात भाच्याने खिशातून मोबाइल काढून त्यांना घड्याळाचे चित्र दाखवले. स्मार्ट वॉच. किंमत अठ्ठावीस हजार. त्या गृहस्थांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

मी तिथे काही बोललो नाही. चारचौघांत पोराचा पाणउतारा करू नये. परतताना एस. टी.त त्याच्या शेजारी बसलो. तो म्हणाला, "मामा, हल्ली सुटावर असंच घड्याळ शोभतं. साधं घातलं तर मित्र हसतील." मी विचारले, "ठीक आहे, पण हे चालेल किती वर्षं?" तो म्हणाला, "गॅरंटी एक वर्षाची आहे." मी म्हटले, गॅरंटी नाही विचारली, चालेल किती वर्षं ते विचारले. त्याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते आणि खरे सांगायचे तर माझ्यापाशीही नव्हते. म्हणून घरी आल्यावर घड्याळाविषयी आणि सुटाबुटात शिरलेल्या इतर यंत्रांविषयी शोधून शोधून वाचले. तेच आज सांगतो.

सुटाला माझा विरोध नाही, हे आधी स्पष्ट करतो. आपल्या नवरदेवाने सूट घालावाच. ज्या समाजाने अंगावर धड कपडा घालू नये असे हुकूम होते, त्या समाजातल्या बाबासाहेबांनी कोट, टाय आणि खिशाला पेन लावून गोलमेज परिषद गाजवली. आपल्या वस्तीत सूट उसना आणतील, पण घालतील, ते उगीच नाही.

आणि कपड्यात यंत्र नको, असेही मी म्हणत नाही. साहेब लोकांच्या पोशाखात यंत्र पहिल्यापासून होते. वासकूटाच्या खिशात साखळीचे घड्याळ असे, ते काय होते? आपल्या पोरांच्या जीन्सला उजवीकडे मोठ्या खिशात एक छोटा खिसा असतो. त्यात चिल्लर ठेवायची की चावी, ते कोणालाच कळत नाही. लेव्हाइस कंपनीने तो मुळात खिशातल्या घड्याळासाठी ठेवला. पुढे १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात खंदकातल्या शिपायांना खिशातून घड्याळ काढत बसणे परवडेना, तेव्हा पुरुषांच्या मनगटावर घड्याळ रुळले. त्याआधी मनगटी घड्याळ बायकांचे मानत. फरक इतकाच की ती घड्याळे मालकाशिवाय दुसऱ्या कोणाच्या भरवशावर चालत नव्हती.

आता त्याच लेव्हाइसची नवी गोष्ट ऐका. २०१७ साली या कंपनीने गुगलला हाताशी धरून एक जाकीट काढले. दिसायला नेहमीचे डेनिमचे. पण डाव्या बाहीच्या मनगटाजवळ कापडातच वीज वाहून नेणारे धागे विणलेले. तिथे पट्टीसारखा एक छोटा तुकडा अडकवायचा, त्यात बॅटरी आणि ब्लूटूथ. बाहीवर हात फिरवला की मोबाइलवरचे गाणे बदलायचे, दोनदा थोपटले की आलेला फोन घेता यायचा, रस्ता कुठे वळतो ते कानात ऐकू यायचे. सायकलवरून कामावर जाणाऱ्याला हँडल सोडून मोबाइल काढावा लागू नये, ही त्यामागची कल्पना. धुताना ती पट्टी काढून ठेवायची. किंमत ३५० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने बावीस-तेवीस हजार रुपये. २०१९ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्तीही आली.

या कारभाराला गुगलने नाव दिले होते 'जॅकार्ड'. हे नाव वाचून मी थांबलो. इचलकरंजी, मालेगाव, येवला इकडच्या वाचकांना ते सांगायला नको. जोसेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच माणसाने १८०४ च्या सुमारास मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लावली. कोणता धागा वर उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा, हे त्या भोकांवरून ठरे आणि कापडात नक्षी उमटे. पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने आपल्या गणन यंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची युक्ती उचलली. म्हणजे संगणकाच्या घराण्यात एक पूर्वज विणकराच्या मागाचा आहे.

आमचे वडील मुंबईच्या गिरणीत रिंग खात्यात होते. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त असे. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि तो धोटा दुसराही तोंडाला लावतो, या कारणावरून आपल्या माणसांना त्या खात्यात पिढ्यान्‌पिढ्या शिरू दिले नाही. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला होता. ज्या धाग्याला हात लावायची आम्हाला बंदी होती, तोच धागा आता मोबाइलशी बोलतो, हे वाचून मला गंमत वाटली आणि बरेही वाटले. आपल्यातला एखादा पोरगा उद्या वस्त्र-अभियांत्रिकी शिकून असे धागे बनवील तर मी पेढे वाटीन.

असो. जाकिटाचे पुढे काय झाले? २०२३ साली गुगलने त्याचे ॲप बंद केले. जाकीट फाटले नव्हते, धागा तुटला नव्हता, मालकाने हप्ता थकवला नव्हता. दूर कुठल्या तरी कचेरीत निर्णय झाला आणि बावीस हजारांची बाही मुकी झाली. जाकीट थंडीत घालता येते, एवढे खरे.

एकाच उदाहरणावरून न्याय करू नये, म्हणून आणखी दोन पाहिली. ॲपल कंपनीने २०१५ मध्ये पहिले घड्याळ काढले. त्यात एक अठरा कॅरेट सोन्याचेही होते, किंमत दहा हजार डॉलरपासून पुढे, म्हणजे सहा लाखांवर. २०१८ मध्ये घड्याळांसाठी नवी प्रणाली आली, ती या पहिल्या घड्याळांवर चालेना. सोन्याच्याही नाही. सोने तसेच पिवळे राहिले, आतला जीव तीन वर्षांत म्हातारा झाला.

दुसरे उदाहरण मला फार बोलके वाटते. टॅग ह्यूअर ही स्वित्झर्लंडची जुनी घड्याळ कंपनी. तिने त्याच २०१५ साली पंधराशे डॉलरचे स्मार्ट घड्याळ बाजारात आणले. विकतानाच सांगितले की दोन वर्षांनी हे आम्हाला परत द्या, वर आणखी पंधराशे डॉलर भरा आणि आमचे यांत्रिक घड्याळ घेऊन जा. बघा, घड्याळे बनवण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांनीच ओळखले होते की गिऱ्हाइकाला दोन वर्षांनी खरे घड्याळ लागणार! मोंब्लां कंपनीने त्याच वर्षी वेगळा मार्ग काढला होता. घड्याळ जुन्या पद्धतीचेच ठेवले आणि सगळे इलेक्ट्रॉनिक सामान पट्ट्यात घातले. पट्टा जुना झाला तर पट्टा बदला. ही अक्कल मला पटली.

मी कारकून माणूस. बी. कॉम.ला घसारा शिकलो आणि आजही कचेरीत दरवर्षी मार्चअखेर टेबल-पंख्यांचा घसारा काढतो. त्याच हिशेबाने अठ्ठावीस हजारांचे घड्याळ चार वर्षे चालले असे धरा. वर्षाला सात हजार, महिन्याला सहाशेच्या आसपास. सुरक्षारक्षकाच्या घरात सहाशे रुपयांत काय काय होते, ते वाचकांना मी सांगावे असे नाही. आणि हे पैसे तो रोख देणार नाही, कर्ज काढून देणार. व्याज वेगळे. चार वर्षांनी बॅटरी धरेनाशी होते, बदलायला जावे तर तो भाग मिळत नाही किंवा दुकानदार म्हणतो, "नवीनच घ्या." मोडीत तराजूवर घालावे तर पितळेच्या तांब्याइतकेही येत नाहीत.

वडिलांचे घड्याळ एच. एम. टी.चे आहे. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला सरकारी कारखान्यात ही घड्याळे बनू लागली. वडिलांनी ते गिरणीत असताना, १९७६ साली घेतले. १९८२ च्या संपात गिरणी सुटली, घड्याळ दोनदा गहाण पडले आणि दोनदा सुटले. २०१६ मध्ये सरकारने एच. एम. टी.चा घड्याळांचा धंदाच बंद करायचे ठरवले. पण कारखाना बंद होतो म्हणून आमच्या घड्याळाचा काटा थांबला नाही. सकाळी चावी दिली की दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. नाक्यावरच्या घड्याळजीने गेल्या वर्षी साफ करून तेल दिले, साडेचारशे रुपये घेतले. माझ्या हिशेबात त्याची किंमत कधीच शून्य झालेली आहे.

मग नवे सगळेच टाकाऊ का? नाही. जिथे गरज आहे तिथे ते सोन्याहून मोलाचे आहे. दिल्लीच्या आय. आय. टी.त अंधांसाठी एक काठी तयार झाली आणि २०१४ साली लोकांपर्यंत आली. जुन्या पांढऱ्या काठीच्या मुठीवरच एक यंत्र बसवतात. ते कानाला ऐकू न येणारे ध्वनी सोडते, समोर तीन मीटरपर्यंत काही असले तर ध्वनी परत येतो आणि मूठ थरथरते. साधी काठी जमिनीवरचा खड्डा सांगते, पण छातीशी येणारी ट्रकची मागची फळी किंवा उघडी खिडकी सांगत नाही. ती ही सांगते. मुख्य म्हणजे तिला चालायला मोबाइल लागत नाही. हैदराबादच्या तरुणांनीही त्याच वर्षी 'लेचल' नावाचे बूट काढले होते, मुळात अंधांसाठीच. डावीकडे वळायचे असेल तर डावा बूट थरथरतो, उजवीकडे तर उजवा. त्यांना मात्र मोबाइलची जोड लागते.

आमच्या घरीही एक प्रयोग झाला. वडील आता विसरतात. बाजारात गेले की रस्ता चुकतात. मुलाने त्यांच्या पाकिटात नाण्याएवढी चकती घातली, आपण ती किल्ल्यांना लावतो तशी. माझा समज, आता ते कुठेही असले तरी नकाशावर दिसतील. तसे नसते. या चकतीला स्वतःला जागा कळत नाही. ती फक्त ब्लूटूथने हाक मारते. जवळून जाणाऱ्या कोणाच्या तरी मोबाइलने ती हाक ऐकली, तर तो मोबाइल आपली जागा पुढे कळवतो. म्हणजे गर्दीच्या स्टेशनावर उपयोग आहे, गावाकडे माळावर नाही. ॲपलची चकती असेल तर जवळून जाणारा फोनही ॲपलचाच लागतो, आणि आमच्या वस्तीत ते फोन किती? शेवटी बायकोने त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशावर नाव आणि फोन नंबर दोऱ्याने शिवून टाकला. चकतीही राहू दिली. मागे एकदा ते हरवले तेव्हा एका रिक्षावाल्या भावाने शिवलेला नंबर वाचून फोन केला होता.

आणखी एक, आयाबहिणींसाठी. रे-बॅन आणि मेटा यांचा कॅमेऱ्याचा काळा चष्मा २०२५ पासून आपल्याकडेही मिळतो. घालणारा नुसता बघत असल्यासारखा दिसतो आणि चित्रण चालू असते. चालू असताना चौकटीच्या कोपऱ्यात छोटा पांढरा दिवा लागतो. बसमध्ये, विहारात, कार्यक्रमात असा चष्मा आणि दिवा दिसला तर बेधडक विचारा, काय चालले आहे. घड्याळाचेही थोडेसे तसेच आहे. आपली नाडी, झोप, कुठे गेलो, कधी परतलो, हे सारे कंपनीच्या दप्तरी जमा होऊ शकते. गिरणीत हजेरीचे कार्ड मुकादमाकडे असे, पण ते गेटबाहेर येत नसे.

हे सगळे मी भाच्याला सांगितले. एका बैठकीत नाही, दोन-तीनदा. पहिल्यांदा तो रुसला. ताईसुद्धा म्हणाली, "दादा, एकच हौस आहे रे पोराची." मी म्हटले, हौस त्याची आहे तर पैसेही त्याचेच असू देत. सासऱ्याच्या कर्जावर हौस करायची म्हणजे हुंडाच झाला, नुसते नाव बदलले. यावर ताई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच मुलीच्या वडिलांना फोन करून यादीतला तो आकडा खोडायला सांगितले. आमच्या त्या नातेवाइकांना हे आवडलेले नाही. ते लग्नाला येतात की नाही, बघू.

सूट भाच्याने स्वतःच्या पगारातून शिवायला टाकला आहे, तयार नाही घेतला. शिंप्याने विचारले, "डाव्या बाहीला जरा सैल ठेवू का? हल्ली मोठी घड्याळं घालतात." भाच्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "नको, आजोबांचं बारीक आहे." मात्र दीड हजारांचे एक स्मार्ट घड्याळही त्याने स्वतःसाठी आणले आहेच, लग्नानंतर ड्यूटीवर घालायला. पावले मोजतो म्हणे. आजोबांचे घड्याळ दिवसाला चार मिनिटे मागे पडते, म्हणून लग्नाच्या दिवशी सकाळी ते मोबाइलवर लावून घ्यायची जबाबदारी माझ्याकडे आली आहे.