मालगाडीवरची पोरं

'रिसेशन' म्हटलं की आपल्याकडे काय होतं? अप्रेझल लांबतं, ऑफिसातली फुकटची कॉफी बंद होते, फार तर गोव्याची ट्रिप कॅन्सल. आणि नोकरी गेलीच, तर आई फोनवर म्हणते, ''ये घरी, राहा चार महिने.'' घर ही आपली शेवटची पॉलिसी. पण घरानंच हात वर केले तर?

अमेरिकेत १९२९ नंतरच्या महामंदीत नेमकं हेच झालं. १९३३ पर्यंत दर चार कामगारांमागे एक बेकार. घरात खाणारी तोंडं सहा-सात आणि कमावणारं कुणीच नाही. मग थोरल्या पोराला सांगायचे, आता तुझं तू बघ. कित्येकदा सांगावंही लागायचं नाही. पोरगं स्वतःच ताटं मोजायचं आणि निघायचं. अशी सुमारे अडीच लाख मुलं-मुली त्या वर्षांत भटकत होती, असा अंदाज आहे. प्रवास मालगाडीनं, अर्थातच विदाऊट! धावत धावत चालती गाडी पकडायची. हात सुटला की संपलं. यार्डात रेल्वेचे पोलीस दंडुके घेऊन उभे, पोरांच्या भाषेत 'बुल'. रुळांशेजारच्या तळाला नाव 'जंगल'. तिथं ज्यानं जे मागून आणलं ते एकाच डब्यात शिजायचं. गावात गेलं तर थोडं सूप, एक रात्र निवारा आणि सकाळी चालते व्हा! गाववाले तरी काय करणार, त्यांचीच चूल धड पेटत नव्हती. मुली बऱ्याचदा मुलांचे कपडे घालून फिरत. का, ते सांगायला नको.

या सगळ्यात मला जाम आवडलेला माणूस म्हणजे थॉमस मिनेहन. समाजशास्त्राचा अभ्यासक, पण पठ्ठ्या फाटके कपडे घालून या पोरांच्यात जाऊन राहिला, त्यांच्याबरोबर गाड्यांवर चढला. त्यातून १९३४ मध्ये 'बॉय अँड गर्ल ट्रॅम्प्स ऑफ अमेरिका' हे पुस्तक आलं. (मास कॉमला आमचं फील्डवर्क कॉलेजच्या बसनं व्हायचं, डबा घेऊन!)

त्याच्या आदल्या वर्षी विल्यम वेलमनचा 'वाइल्ड बॉइज ऑफ द रोड' आला. त्यातला एडी आपली लाडकी खटारा गाडी विकून पैसे बापाच्या हातात ठेवतो, तो सीन बघाच. पुढे त्याच्या मित्राचा पाय गाडीखाली जातो. शेवट मात्र गुळमट. जजसाहेब एकदम प्रेमळ निघतात आणि सगळं ठीक होतं. स्टुडिओवाल्यांचं गणित, दुसरं काय.

खऱ्या कोर्टातलं ऐका. मार्च १९३१ मध्ये अलाबामात मालगाडीतून नऊ काळ्या मुलांना उतरवलं. थोरला जेमतेम विशीचा, धाकटा बारा-तेराचा. दोन गोऱ्या बायकांवरच्या बलात्काराचा खोटा आरोप ठेवला आणि काही आठवड्यांत आठ जणांना फाशीची शिक्षा! फाशी अखेर कुणालाच झाली नाही, पण ऐन उमेदीची वर्षं तुरुंगात गेली.

सरकारला जाग आली ती १९३३ मध्ये. रूझवेल्टनी तरुणांसाठी जंगलं लावण्याच्या, रस्ते बांधण्याच्या छावण्या काढल्या. महिन्याला ३० डॉलर पगार, त्यातले २५ परस्पर घरी. ज्या घरात ताट कमी पडलं होतं, त्याच घरी. किमान वयाची अट होती १८. रांगेत 'अठरा पूर्ण' म्हणून छातीठोक सांगणाऱ्यांत कित्येक जण सोळाचे होते.