तिकडे एसटी जाते का?

जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईकडे निघालेली एक गाडी रात्रीच्या अंधारात अकोले तालुक्यात पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात बुडाली. दोघे पोहून बाहेर आले, तिसऱ्याचा जीव गेला. मोबाइलने दाखवलेला रस्ता खोटा नव्हता, पूलही तिथे होता. पण धरण भरले की तो काही महिने पाण्याखाली जातो, आणि आसपासच्या गावांत हे सगळ्यांना ठाऊक असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये बरेलीजवळ रामगंगेवरच्या पुलावरून गाडी कोसळून तिघे दगावले. पुराने पुलाचा पुढचा भाग आधीच नेला होता, नकाशात मात्र पूल अखंड होता.

रस्ता कुठून जातो, हे नकाशा सांगतो. आज तो चालू आहे का, हे त्याला दुसऱ्या कुणीतरी कळवावे लागते. वाहतुकीची खबर त्याला मिळते ती मुख्यतः त्याच रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या मोबाइलमधून. आडवाटेला मध्यरात्री गाड्याच नसतात, तेव्हा खबरही नसते आणि पडद्यावर ती वाट मोकळी वाटते. म्हणून एकाच मोबाइलमध्ये दोन ॲप ठेवली की सोय झाली, ही समजूत मला धोक्याची वाटते. बॅटरी एक, रेंज एक. एक बंद पडले की दुसरेही पडणार. पर्याय असा हवा, की पहिला ज्या कारणाने फसेल त्या कारणाने दुसरा फसू नये. जीपीएसचा संदेश उपग्रहांकडून येतो, त्याला इंटरनेट लागत नाही. घरूनच नकाशा उतरवून घेतला तर रेंज नसलेल्या घाटातही आपण कुठे आहोत ते दिसते. पण कालची दरड त्या नकाशात नसते आणि मोबाइल बंद पडला तर तोही गेलाच. त्यासाठी कागद हवा. कल्याण, मुरबाड, सरळगाव, टोकावडे, माळशेज घाट, मढ, ओतूर अशी गावे ओळीने, मधल्या अंतरांसह लिहून शेजारी बसलेल्याच्या हातात द्यावीत. महामार्गाच्या क्रमांकावर विसंबू नये: जुन्या नकाशातला १७ आता ६६ आहे, पुणे-बेंगळुरूचा ४ आता ४८.

माणसेही चुकीचा रस्ता सांगतात, रात्री विचारायला कुणी नसते, एकट्या बाईने अनोळखी जागी थांबून कुणाला विचारायचे, हे आक्षेप खरे आहेत. म्हणूनच आडवाटेला लागण्याआधी, उजेड असताना, पेट्रोल पंपावर किंवा एसटी स्टँडवर विचारावे. ‘रस्ता कुठला?’ असे विचारले की नुसते बोट दाखवले जाते. ‘तिकडे एसटी जाते का? आज गेली का?’ असे विचारले की रस्त्याची आजची स्थिती कळते, कारण तो चालक सकाळीच तिथून आलेला असतो. धोक्याच्या पुलावर अडथळा उभारणे हे प्रशासनाचे काम आहे, असेही म्हटले जाते. आहेच, आणि त्यात हयगय झाली तर जाब विचारलाच पाहिजे. पण पावसाळ्यात वरंधा घाट बंद करावा लागतो, तेव्हा तो आदेश जिल्हाधिकारी कार्यालयातून निघतो आणि भोर-महाडच्या लोकांना लगेच कळतो. तो मोबाइलच्या नकाशात केव्हा उमटेल, याची हमी कुणीच देत नाही. निघण्यापूर्वी महाडच्या ओळखीच्या माणसाला एक फोन केला तर दोन मिनिटांत कळते.