आश्रय आणि आपलेपणा

आमच्या खामगावास १८७० साली कापसाच्या वाहतुकीसाठी जालंबहून आगगाडीचा फाटा आला. ज्या वाटेने कापसाच्या गाठी गेल्या, त्याच वाटेने येथील घराघरांतील मुले पुढे अमरावती, नागपूर, पुणे येथे विद्यार्जनासाठी गेली. निरोपाच्या वेळी आईचे डोळे पाणावत. परंतु ट्रंकेत लाडवांचा डबा असे, आणि दिवाळीस मूल परत येणार हे मायलेकरांस ठाऊक असे. घर सोडण्याचा आपणांस परिचित असलेला अर्थ एवढाच. परंतु ज्या मुलास परतण्याचा दिवस ठाऊक नाही, किंबहुना परतावयास घरच उरलेले नाही, त्याच्या लेखी त्याचा अर्थ काय होत असेल?

याचे उत्तर शोधण्यास महाराष्ट्राबाहेर जावयास नको. कोल्हापूरनजीक वळिवडे येथे १९४३ साली पोलंडमधील निर्वासितांची वसाहत उभी राहिली. वस्ती सुमारे पाच हजारांची. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले. १९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएट रशिया चालून गेला. पुढील वर्षी पूर्व भागातील कुटुंबेच्या कुटुंबे मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तान येथे नेण्यात आली. थंडी, उपासमार व रोगराई यांत कित्येक मुलांचे आईबाप गेले. १९४१ साली जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा कोठे त्यांच्या सुटकेचा करार झाला. आणि त्यांतील पुष्कळ जण १९४२ साली इराणमध्ये पोहोचले. तेथून काही हिंदुस्थानात आले. जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी शेकडो मुलांस आश्रय दिला. ती मुले त्यांस 'बापू' म्हणत.

वळिवड्याची जी गोष्ट आमच्या मनात विशेष भरते, ती मात्र निराळीच आहे. तेथे या मुलांस केवळ शिधा व छप्पर मिळाले असे नव्हे. बालवर्गापासून माध्यमिक शिक्षणापर्यंतच्या शाळा त्यांच्या स्वभाषेत चालत. चर्च होते, इस्पितळ होते, बालवीरांची पथके होती. सणवार त्यांच्याच रीतीने साजरे होत. परमुलखात राहूनही आपण कोण, हे त्या मुलांस विसरावे लागले नाही.

१९४५ साली युद्ध संपले, परंतु घरची वाट काही मोकळी झाली नाही. पुष्कळांची गावे आता सोव्हिएट हद्दीत गेली होती. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली आणि ही मंडळी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा दूरदूरच्या देशांत पांगली. काही पोलंडातही गेली. इकडे १९४७ च्या फाळणीने सिंधमधील कुटुंबे निराधार होऊन आली होती. त्यांतील काहींस वळिवड्याच्या त्याच बराकींत निवारा मिळाला. आज कापडाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच. एका निर्वासित मुलाने सोडलेल्या खोलीत दुसरे निर्वासित मूल येऊन निजले!

वाचकहो, आश्रय देण्याची परंपरा आपल्या कुटुंबांतही आहे. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. पोरकी भाचरे मामाच्या वाड्यात वाढत. त्यांस कोणी उपाशी ठेवले नाही, हे खरे. परंतु वाढताना कधी पंक्तिप्रपंच झाला नाही काय? घरच्या मुलाच्या भातावर तुपाची धार, आणि आश्रिताच्या भातावर चार थेंब! 'आमच्याकडे राहतोस' हे दोनच शब्द त्या मुलास दिवसातून किती वेळा ऐकावे लागले असतील? खाल्लेले अन्न तो पुढे विसरला. ते शब्द विसरला नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या अलीकडील हिशेबाप्रमाणे, युद्ध व छळ यांमुळे घराला मुकलेल्या माणसांत सुमारे ४० टक्के मुले आहेत. त्यांतील एखादे आपल्या दारी येईलच असे नाही. परंतु आपत्तीने उखडलेले एखादे नात्यातले मूल, किंवा दूरच्या प्रांतातून आईबापांबरोबर येऊन आपल्या मुलाशेजारी शाळेत बसलेले मूल, हे तर आपल्या परिचयाचे आहे. त्याच्या भाषेस हसू नये. त्याच्या गावाचे नाव, त्याच्या घरचा आवडता पदार्थ आवर्जून विचारावा. त्याच्या सणास घरात गोड करावे. आणि मुख्य म्हणजे, त्याच्याकडून कृतज्ञतेची वसुली करू नये.

पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा येथे, कोल्हापूरच्या नावाचे एक स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टात भारताचे पंतप्रधान तेथे अभिवादनास गेले होते. त्या मुलांनी वळिवड्याची आठवण साता समुद्रांपलीकडे जपली, ती कोणी मागितली म्हणून नव्हे. आपल्या माजघरात वाढणाऱ्या परक्या मुलाच्या मनात आपल्या घराची कोणती आठवण राहील, हे या महिन्यात घरातील वडीलधाऱ्यांनी, आणि विशेषतः पंगतीत वाढणाऱ्या भगिनींनी, एकदा मनाशी विचारून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.