जास्वंदीची मुदत एका दिवसाची

बहुतेक घरांत मुलांना ‘एक फूल काढ’ म्हटले, की कागदावर ठरलेले फूल येते. मधे गोल, भोवती पाच पाकळ्या, खाली पट्टीने आखल्यासारखा देठ आणि देठाला समोरासमोर दोन पाने. मग स्केचपेनचे पाकीट उघडते. गोल पिवळा, पाकळ्या लाल, पाने हिरवी आणि सगळ्याला काळी कड. असे फूल कुठल्याही झाडाला येत नाही, तरी ते मुलांना कुणी शिकवावे लागत नाही. मोठ्यांना काढायला सांगितले तर तेही हेच काढतात, फक्त जरा लाजत लाजत.

याचे खापर स्केचपेनवर फोडायची पद्धत आहे. स्केचपेन म्हणजे पोरखेळ, खरे फूल काढायचे तर जलरंग हवेत, ब्रश हवेत, हात तयार हवा, असे म्हणतात. महाराष्ट्रातल्या शाळांतून ज्यांनी एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या, त्यांचा तर हा पक्का समज असतो. मला तो पटत नाही. स्केचपेनने आणि त्याच्या थोरल्या भावाने, म्हणजे मार्करने, खरे वाटणारे फूल उत्तम काढता येते. अट एकच, रंग लावायच्या आधी फूल समोर हवे.

आमचे मानेसर म्हणजे गाड्यांचे गाव. दिल्लीहून जयपूरच्या रस्त्याला लागले, की गुडगावच्या पुढे एका बाजूला अरवलीच्या टेकड्या आणि दुसरीकडे कारखान्यांच्या भिंती दिसू लागतात. होंडाच्या स्कूटर येथे २००१ पासून तयार होऊ लागल्या, मारुतीचा कारखाना २००६ मध्ये सुरू झाला. पुण्या-चिंचवडहून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबे येथे भेटतात ती त्यामुळेच. आता गाड्यांचा आणि फुलांचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. पण संगणक येण्यापूर्वी जगभरच्या मोटारींच्या चित्रशाळांत नव्या गाडीचे पहिले रंगीत चित्र मार्करनेच काढले जाई. पत्र्यावरची चकाकी ते कशी दाखवीत? पांढरा रंग लावून नव्हे, तर तेवढा कागद कोरा सोडून. जास्वंदीच्या पानावरची चकाकीही अशीच सोडायची असते. मोटार आणि पान यांत मार्करच्या दृष्टीने फारसा फरक नाही!

आता या पेनांविषयी थोडेसे. रंग आणि शाई हा मराठी माणसाला परका विषय नाही. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाई करायला सुरुवात केली आणि तिच्यातूनच पुढे ‘कॅम्लिन’ उभी राहिली. मऊ तंतूंच्या टोकाचे लिहिण्याचे पेन मात्र जपानचे. १९६२ मध्ये युकिओ होरिए यांनी ते तयार केले, असे मानले जाते. आपल्या मुलांच्या दप्तरातले स्केचपेन याच घराण्यातले आणि त्याची शाई पाण्यात कालवलेली असते. दुसरा प्रकार अल्कोहोलच्या शाईचा. जपानचे ‘कॉपिक’ मार्कर १९८७ मध्ये आले, आणि आज त्यांच्यासारखे स्वस्त संच घरपोच मिळतात. यांना बहुधा दोन टोके असतात, एक छिन्नीसारखे चपटे आणि दुसरे बारीक किंवा ब्रशसारखे लवणारे.

दोन्हींची वागण्याची रीत निराळी. अल्कोहोलची शाई कागदात चटकन मुरते. एक थर ओला असतानाच दुसरा दिला तर दोघांची सीमा पुसली जाते, वाळल्यावर दिला तर गडद छटा वेगळी उठून दिसते. पाण्याचा स्केचपेन एकाच जागी तीन-चारदा घासला, की कागदाचा भुगा निघतो. त्यावर सोपा उपाय आहे. स्केचपेन स्टीलच्या ताटलीवर गिरवावा, ओल्या ब्रशने तो रंग उचलावा आणि मग कागदावर लावावा. वीस-तीस रुपयांच्या रंगपेटीची उणीव भासत नाही. काळा स्केचपेन असा ओला केला, तर पुष्कळदा त्यातून निळा आणि जांभळा फुटून बाहेर येतो. मुलांना हे जादूचे वाटते, आणि काळा रंग म्हणजे एकच रंग नव्हे हे आपोआप कळते.

पहिल्यांदा काढायला मी जास्वंद सुचवते. गणपतीला लागते म्हणून मराठी घराच्या बाल्कनीत तिची कुंडी हटकून असतेच, मानेसरलाही असते. येथे तिला ‘गुडहल’ म्हणतात. फूल मोठे, रंग ठसठशीत, आणि फसवणारे. वरवर पाहिले तर पाच पाकळ्या, म्हणजे तेच आपले ठरलेले फूल! पण नीट पाहा.

शेजारची सातवीतली मुलगी माझ्याकडे वही घेऊन येते. तिला मी पेन हातात घेऊ न देता नुसते विचारले,

“कुठली पाकळी सगळ्यांच्या वर आहे?”

ती बराच वेळ कुंडीपाशी वाकून उभी राहिली.

“काकू, कुठलीच नाही. प्रत्येकीची एक बाजू शेजारणीच्या वर आहे आणि एक बाजू खाली आहे.”

अगदी बरोबर. जास्वंदीच्या पाकळ्या भोवऱ्यासारख्या एकाच दिशेने एकमेकींवर चढलेल्या असतात. ही एक गोष्ट चित्रात आली, की फूल कागदावरून उठते. मधून निघणारी लांब नळी ही आणखी एक गंमत. ती नुसती काडी नव्हे. पुंकेसरांचे दांडे एकत्र जुळून तिची नळी झालेली असते, तिच्या वरच्या भागावर पिवळे ठिपके दाटलेले असतात, आणि अगदी टोकाला पाच फाटे फुटून प्रत्येकावर मखमली लाल बोंड असते. पाकळ्या पाच, फाटेही पाच. हे फूल रोज देवाला वाहणाऱ्या हातांनीही कधी मोजलेले नसते.

रंग भरताना उलटा हिशेब ठेवायचा. आपण आधी लालभडक रंग भरतो आणि मग सावली कुठे द्यावी म्हणून अडतो. मार्करने फिके आधी, गडद शेवटी, कारण येथे खोडरबर चालत नाही. पेन्सिलीची रेघ अगदी पुसट ठेवावी, कारण शाईखाली गेलेली पेन्सिल नंतर नीट पुसत नाही. प्रथम सगळ्या पाकळ्यांना फिका गुलाबी किंवा नारिंगी हात द्यावा, आणि जिथे पाकळी बाहेर वळून उजेड झेलते तिथे कागद मोकळा सोडावा. त्यावर लाल. पेन देठाकडून कडेकडे ओढावा, शिरा जशा धावतात तसा, आडवा नको. मग एक पाकळी दुसरीखाली जाते त्या जागी मरून किंवा जांभळट छटा. काळा मात्र लांब ठेवा. लाल रंगाची सावली काळ्याने केली तर फूल जळल्यासारखे दिसते. पुष्कळ लाल जास्वंदींच्या घशाशी गडद मरून डाग असतो, नळी त्याच्यातूनच वर येते. तो डाग नीट बसला, की फुलाला खोली येते. भोवतीची काळी कड आपोआप अनावश्यक ठरते, कारण गडद पाकळीशेजारी फिकी पाकळी आली की रेघेचे काम रंगच करतो.

पानासाठी पाकिटातला हिरवा जसाच्या तसा वापरू नये. झाडाचे हिरवे एवढे साधे नसते. आधी पिवळा, वर हिरवा, शिरांच्या कुशीत थोडा गडद निळा. जास्वंदीच्या पानाला कडेला दाते असतात आणि ते चकचकीत असते, म्हणजे पुन्हा कागद सोडणे आले.

आणि घड्याळ लावून बसायचे. साधी जास्वंद सकाळी उमलते आणि संध्याकाळपर्यंत मिटू लागते. दुसऱ्या दिवशी ती गुंडाळलेली दिसते आणि गळून पडते. सकाळी अर्धवट ठेवलेले चित्र रात्री पुरे करू म्हणणाऱ्याला रात्री मॉडेलच मिळत नाही. जलरंगात एक थर वाळेपर्यंत थांबावे लागते, मार्कर हात उचलेपर्यंत वाळतो. एका दिवसाच्या फुलाला हे साधन म्हणून तर मला शोभते. मे महिन्यात मात्र मानेसरचे वारे इतके कोरडे असते, की शाई मिसळायच्या आतच सुकते. त्या दिवसांत पंखा बंद करून लहान लहान भाग रंगवावेत.

मोबाइलवर ‘दहा मिनिटांत गुलाब’ शिकवणारी चित्रे हवी तेवढी मिळतात. त्यांच्याकडून हात कसा फिरवावा हे जरूर शिकावे. पण तो गुलाब दुसऱ्या कुणीतरी पाहिलेला असतो. तो उतरवून घेताना आपण त्याचे पाहणे उतरवतो, गुलाब नव्हे. ठरलेल्या पाच पाकळ्यांच्या फुलाची जागा ठरलेल्या वीस पाकळ्यांचा गुलाब घेतो, इतकेच.

समोर फूल ठेवून काढण्याची आपल्याकडची परंपरा थोर आहे. जहांगीर बादशहा १६२० मध्ये काश्मीरला गेला, तेव्हा त्याचा चित्रकार उस्ताद मन्सूर याने तिथली शंभराहून अधिक फुले चितारल्याचे बादशहाने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याहून जवळचे उदाहरण पुण्यालगतच्या दापोडीचे. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन तेथील सरकारी वनस्पतिबागेचा प्रमुख होता. १८४७ ते १८५० या काळात त्याने एका चित्रकाराकडून वनस्पतींची दीडशेहून अधिक जलरंगचित्रे करून घेतली. ती आज स्कॉटलंडमध्ये, एडिंबराच्या शाही वनस्पतिउद्यानात जपून ठेवली आहेत आणि २००२ मध्ये हेन्री नॉल्टी यांनी त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. गिब्सनचे नाव, गाव, पगारपद सारे ठाऊक आहे. चित्रकाराविषयी एवढेच, की तो पोर्तुगीज वळणाचा हिंदी माणूस होता. ज्याने तीन वर्षे रोज एकेक पान, एकेक कळी डोळ्यांसमोर धरून पाहिली, त्याचे नाव कागदावर नाही.

जास्वंद जमली, की पांढरे फूल घ्यावे. मोगरा, तगर, अनंत. पांढऱ्या कागदावर पांढरे फूल कसे काढणार, म्हणून लोक ते टाळतात. खरे तर ते फूल काढायचेच नसते, त्याच्या मागची पाने काढायची. मागे गडद हिरवे भरले, की फूल आपोआप शिल्लक राहते. पाकळीच्या वळणात अगदी फिका राखाडी, देठाशी पोपटी झाक. पुरे.

मानेसरला फुलांचा मोसम आपल्यापेक्षा उलट. थंडीत पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्झी, डेलियाचे ताटवे फेब्रुवारीत ऐन भरात असतात आणि एप्रिलच्या उन्हाने पाहता पाहता करपतात. पॅन्झीच्या पाकळीवरच्या रेषा मार्करच्या बारीक टोकासाठीच आखलेल्या वाटाव्यात. पण मला वाट पाहायला लावतो तो मार्चमधला पळस. अरवलीच्या टेकड्यांवर आता परदेशातून आलेली वेडी बाभूळ फार माजली आहे, तरी या डोंगररांगेत पळस अजून आहे. सोसायटीतल्या मुलांनी तो पाहिलेला नसतो, आणि होळीचा रंग पूर्वी त्याच्यापासून करीत हे सांगितले तर खरे वाटत नाही. संस्कृतात याला ‘किंशुक’ म्हणतात, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’ पाकळीची चोच पाहिली की नाव पटते. काढताना पिवळा, मग नारिंगी, चोचीच्या वळणाखाली शेंदरी. मागचा निदल काळपट तपकिरी आणि मखमली असतो. येथे काळ्या पेनाला हवे तर मोकळीक द्या, पण तपकिरीच्या वरून. पाने काढायची कटकट नाही, कारण फुलांच्या वेळी झाड बहुतेक निष्पर्णच असते.

राहता राहिली जपणूक. बहुतेक मार्करची शाई उन्हाने उडते, म्हणून चित्र भिंतीवर उजेडात लावू नये, वहीत किंवा फाइलीत ठेवावे आणि काढल्या दिवशीच त्याचा फोटो घ्यावा. कागद जाड आणि गुळगुळीत असावा. खाली एक रद्दी कागद घालावा, नाहीतर पुढच्या पानावर डाग पडतात. दोन टोकांचे मार्कर डब्यात आडवे ठेवावेत, म्हणजे दोन्हीकडे शाई सारखी पोचते. अल्कोहोलचा वास उग्र असतो, खिडकी उघडी हवी.

चित्राखाली फुलाचे नाव, गाव, तारीख आणि आपले नाव जरूर लिहावे. मात्र ते पेन्सिलीने. मार्करने लिहिलेली अक्षरे चार दिवसांत मागच्या बाजूने उलटी वाचता येतात.